कडुनिंबाचे तेल, सांगलीचे शेत आणि म्युनिकचा निर्णय : वनस्पतिज अर्कांच्या बुरशीरोधी चाचणीचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सातारा मागे टाकून कऱ्हाडच्या दिशेने जाताना उंब्रज लागते. तारळी नदी येथे कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक या गावी आहे. नदीकाठची काळी जमीन, ऊस, हळद, आले आणि बांधावर उभा असलेला कडुनिंब हे या परिसराचे नेहमीचे दृश्य. हाच रस्ता पुढे कऱ्हाड ओलांडून पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळतो. पुणे आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जोडणाऱ्या या वाटेचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाने इ. स. २००० मध्ये कडुनिंबाच्या तेलावरील एक पेटंट रद्द केले, तेव्हा निर्णयाच्या मुळाशी याच दोन जिल्ह्यांतील शेतांमध्ये झालेल्या फवारण्या होत्या.

वनस्पतींच्या अर्कांत बुरशी रोखण्याचा व ऑक्सिडीकरणास अटकाव करण्याचा गुण आहे किंवा नाही याची तपासणी हा आज महाविद्यालयीन संशोधनाचा अत्यंत परिचित विषय आहे. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या तिन्ही विभागांत त्यावर काम चालते. मात्र या चाचण्यांना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पश्चिम महाराष्ट्राचा वाटा आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. एखाद्या वनस्पतीचा गुण 'माहीत असणे' आणि तो 'सिद्ध असणे' यांत जे अंतर आहे ते कसे पडले आणि कोणत्या प्रकारच्या पुराव्याने ते भरून निघाले, याचा विचार प्रस्तुत लेखात कडुनिंब व हळद या दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

ग्रंथांतील गुण आणि घरातील वापर

कडुनिंबाचा त्वचारोगावरील उपयोग आयुर्वेदात प्राचीन काळापासून नोंदला आहे. चरकसंहितेत खाज शमविणाऱ्या, म्हणजे कण्डूघ्न द्रव्यांच्या दशकात निंबाचा समावेश आहे. कुष्ठघ्न द्रव्यांच्या दशकात हरिद्रा, म्हणजे हळद आहे. याहूनही बोलके उदाहरण टाकळ्याचे. पावसाळ्याच्या आरंभी माळावर व रस्त्याकडेला उगवणारी आणि सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात भाजी म्हणून खाल्ली जाणारी ही वनस्पती. तिचे संस्कृतातील एक नाव 'दद्रुघ्न' असे आहे. दद्रु म्हणजे गजकर्ण, आणि गजकर्ण हा बुरशीमुळे होणारा रोग. बुरशी हा जीव आहे आणि तो रोगाचे कारण असतो हे ठाऊक नसतानाच्या काळात एका वनस्पतीला तिच्या बुरशीरोधी गुणावरून नाव मिळाले होते. कलकत्त्याच्या आचार्य व चटर्जी या संशोधकांनी १९७५ साली टाकळ्याच्या बियांतील प्रमुख बुरशीरोधी घटक वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. नाव आणि रेणू यांच्यामधले अंतर अनेक शतकांचे आहे.

घरगुती वापराची परंपरा तर सर्वश्रुतच आहे. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे, गोवर-कांजिण्यांत अंथरुणाशी डहाळी ठेवणे, पाडव्याला कोवळी पाने खाणे, या गोष्टींना ग्रंथाची गरज नव्हती. पण या परंपरेत प्रमाण सांगितलेले नसते. किती पाला, किती धान्याला, किती दिवस, हे हाताच्या अंदाजाने ठरते. पुढे जो वाद उद्भवला त्यात नेमकी हीच उणीव महत्त्वाची ठरली.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात या ज्ञानाची आधुनिक पद्धतीने नोंद होऊ लागली. मुंबईतील सरकारी औषध भांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने 'फार्माकोग्राफिया इंडिका' (१८९०-९३) सिद्ध केला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या परंपरेतील कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसू यांच्यासह तयार केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर १९१८ साली बाहेर आला. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'ओषधीसंग्रहा'ने हे काम केले. हे सर्व ग्रंथ आजही उपयुक्त आहेत. तथापि त्यांतील बहुतेक विधाने 'अमुक रोगावर उपयोगी' या स्वरूपाची आहेत. किती तीव्रतेच्या अर्काने किती परिणाम झाला, हा प्रश्नच त्यांच्यासमोर नव्हता.

या काळातील एक प्रसंग मात्र येथे नोंदविणे आवश्यक वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांचे तेल वापरून रुग्णांवर उपचार केले. औषध कोणते आहे हे त्यांनी बराच काळ जाहीर केले नाही आणि त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. १८७४ साली ते निवर्तले. पुढे याच जातीच्या वृक्षांचे तेल १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. भाऊ दाजींसारख्या विद्वानाचे या क्षेत्रातील श्रेय अंधुक राहिले, कारण निरीक्षण झाले तरी ते वेळीच सर्वांसमोर मांडले गेले नाही. प्रसिद्ध न झालेला प्रयोग इतिहासात झालाच नाही असे धरले जाते. हे कठोर आहे, पण विज्ञानाचा आणि कायद्याचाही व्यवहार तसाच चालतो.

अर्क, द्रावक आणि बुरशी

वनस्पतीचा अर्क काढण्याचे जे काचेचे उपकरण प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिसते ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली मांडले, तेही दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी. या पद्धतीत द्रावकाची निवड निर्णायक असते. पाणी व अल्कोहोल यांत वनस्पतीतील एका प्रकारचे घटक उतरतात, तर हेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रावकात तेल व मेद उतरतात. कडुनिंबाच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे, याचा प्रत्यय पुढे येईल.

कडुनिंबाच्या रसायनाचा पद्धतशीर अभ्यास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सुरू केला. १९४२ साली त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिनसह काही कडू घटक वेगळे केल्याचे 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील मिश्रण फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत असे दाखविले. १९६८ साली इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ व मॉर्गन यांनी ॲझाडिरॅक्टिन हा कीटकरोधी घटक शुद्ध स्वरूपात मिळविला. त्यानंतर जगाचे लक्ष कडुनिंबातील कीटकनाशकावर खिळले आणि बुरशीवरील परिणाम काहीसा मागे पडला.

महाराष्ट्रात या सुमारास दोन वेगळ्या दिशांनी काम चालू होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या अखाद्य तेल विभागात चं. म. केतकर यांनी १९६९ ते १९७६ या काळात निंबोळी पेंडीच्या खतविषयक प्रकल्पाचा अहवाल सिद्ध केला. निंबोळी ही गोळा करून विकण्याजोगी वस्तू आहे हा विचार त्यातून रुजला. दुसरीकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांपासून हॅमायसिन व ऑरिओफंजिन ही बुरशीरोधी प्रतिजैविके शोधली. ऑरिओफंजिन पिकांवरील बुरशीसाठीही वापरण्यात आले. म्हणजे बुरशीवर औषध शोधणे व त्याची प्रयोगशाळेत मोजणी करणे यांची परंपरा पुणे परिसरात १९६० च्या दशकापासून होती.

ही मोजणी कशी होते, हे थोडक्यात पाहू. बुरशी वाढविण्याच्या माध्यमातच ठराविक प्रमाणात अर्क मिसळतात, मध्यभागी बुरशीचा तुकडा ठेवतात आणि काही दिवसांनी वाढीचा व्यास मोजतात. अर्क न घातलेल्या बशीशी तुलना केली की रोधनाची टक्केवारी मिळते. पद्धत साधी आहे, स्वस्त आहे, आणि म्हणूनच ती सर्वत्र पसरली. पण काचेच्या बशीतील बुरशी आणि द्राक्षाच्या पानावरील भुरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पानावर ऊन असते, दव असते, वारा असतो. तेल पाण्यात मिसळण्यासाठी साबणासारखा पदार्थ घालावा लागतो, आणि त्याच्या मात्रेवर फवारणीचे यश अवलंबून राहते.

शेतावरील निरीक्षणातून औषध जन्माला येण्याचे प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील आहे. मेदोक भागातील द्राक्षबागायतदार चोरांना परावृत्त करण्यासाठी रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे मिश्रण शिंपडत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही हे मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्यांनी बोर्डो मिश्रणाचे निष्कर्ष जाहीर केले. तासगावच्या द्राक्षबागेत हे मिश्रण आजही घरच्या भाजी-भाकरीइतके परिचित आहे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ च्या उन्हाळ्यात, सांगली जिल्ह्यात कडुनिंबाच्या तेलाच्या फवारण्या झाल्या. हा निव्वळ योगायोग होय. परंतु दोन्ही ठिकाणी पुरावा शेतात तयार झाला हे साम्य योगायोगाचे नाही.

पेटंट आणि दोन जिल्हे

अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही बहुराष्ट्रीय कंपनी यांनी कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर पेटंट मागितले. मूळ अमेरिकी अर्ज डिसेंबर १९८९ मधील असून त्याआधारे युरोपमध्ये १९९० साली अर्ज करण्यात आला. सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मंजूर झाले. त्यातील दावा असा की, अध्रुवीय द्रावकाने काढलेले कडुनिंबाचे तेल ०.१ ते १० टक्के, सोबत पायसीकारक पदार्थ आणि पाणी, असे मिश्रण वनस्पतीवरील बुरशीशी संपर्कात आणून तिचे नियंत्रण करणे. येथे मागील विभागातील द्रावकाचा भेद आठवावा. दावा झाडावर नव्हता, पाल्यावर नव्हता. विशिष्ट पद्धतीने काढलेल्या तेलाच्या विशिष्ट मिश्रणावर होता. 'कडुनिंबाचेच पेटंट घेतले' असे जे भाषणांतून सांगितले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्या अतिशयोक्तीने प्रतिपक्षाचेच काम सोपे होते.

जून १९९५ मध्ये या पेटंटला हरकत घेण्यात आली. हरकतदार होते वंदना शिवा यांची संशोधन संस्था, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हूत, आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्याच्या वतीने लिंडा बुलार्ड यांनी काम पाहिले. बाजेल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक फ्रिट्झ डोल्डर यांनी त्यांची बाजू मांडली. भारतीय शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कडुनिंब वापरत आले आहेत, हा युक्तिवादाचा नैतिक गाभा होता. परंतु पेटंट कायद्यात केवळ 'वापरत आले आहेत' एवढ्याने भागत नाही. युरोपीय पेटंट कराराच्या ५४ व्या कलमानुसार अर्जाच्या तारखेपूर्वी लेखी वा तोंडी वर्णनाने, वापराने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांपुढे आलेली प्रत्येक गोष्ट पूर्वज्ञात मानली जाते. वापर जगात कोठेही झालेला चालतो. मात्र कोणी, कोठे, केव्हा, काय आणि कोणत्या स्थितीत वापरले हे सिद्ध करावे लागते, आणि पाहणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन नसावे लागते.

हे सर्व प्रश्न ज्या एका साक्षीने सुटले ती अभय फडके यांची. कडुनिंबावर आधारित कृषी उत्पादने तयार करणाऱ्या पुण्यातील उद्योगाशी ते संबंधित होते. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे व सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या तेलाच्या मिश्रणाच्या शेतावरील चाचण्या झाल्या होत्या, असे त्यांनी प्रतिज्ञापत्राने व प्रत्यक्ष साक्षीने सांगितले. बनारस हिंदू विद्यापीठातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ उदय प्रताप सिंह यांनीही हरकतदारांच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून मत दिले. म्युनिक येथे मे २००० मध्ये दोन दिवस सुनावणी झाली. १० मे रोजी हरकत विभागाने पेटंट रद्द केले. दाव्यातील सर्व वैशिष्ट्ये महाराष्ट्रातील या दोन जिल्ह्यांच्या शेतचाचण्यांतून अर्जापूर्वीच लोकांसमोर आली होती, हे विभागाने मान्य केले. पेटंटधारकांनी अपील केले. ८ मार्च २००५ रोजी अपील मंडळाने ते फेटाळले आणि प्रकरण कायमचे संपले. तो दिवस जागतिक महिला दिनाचा होता, याचा तिन्ही हरकतदार स्त्रियांनी आनंदाने उल्लेख केला.

या निकालाचे वर्णन बहुधा 'परंपरेचा विजय' असे केले जाते. ते पूर्णपणे चूक नाही. परंपरा नसती तर निंबोळीच्या तेलाकडे कोणी वळलेच नसते. तरीही हरकत विभागाच्या निष्कर्षात वजन पडले ते दोन उन्हाळ्यांतील, ठिकाण व काळ सांगता येणाऱ्या चाचण्यांचे. आजीच्या कणगीतील पाला म्युनिकमध्ये पुरेसा ठरला नसता. त्यात ना द्रावक होता, ना पायसीकारक, ना टक्केवारी. परंपरेने दिशा दिली, आणि पुरावा दिला तो शेतावर पंप पाठीला लावून केलेल्या फवारणीने. इतिहासलेखनाने या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

हळदीचा कागद

याच काळातील हळदीच्या पेटंटशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील मूळ भारतीय असलेल्या दोन संशोधकांना २८ मार्च १९९५ रोजी जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकी पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत प्राचीन ग्रंथांतील उल्लेख होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील दावे अमेरिकी कार्यालयाने फेटाळले.

येथे कागदच का लागला? त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील प्रत्यक्ष वापर पूर्वज्ञान म्हणून ग्राह्य नव्हता. परदेशातील पेटंट किंवा छापील प्रकाशन तेवढे चालत असे. सांगली ही हळदीची देशातील अग्रगण्य बाजारपेठ. राजापुरी हळदीचे सौदे तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. जखमेवर हळद दाबणे ही या भागातील कोणत्याही घरातली पहिली कृती. पण त्या काळच्या वॉशिंग्टनच्या दृष्टीने हा सगळा व्यवहार अदृश्य होता, आणि छापलेला एक लेख दृश्य होता. तोच सांगली जिल्हा म्युनिकच्या कायद्यात मात्र पूर्णपणे दृश्य ठरला. एकाच भूभागाच्या ज्ञानाला दोन खंडांत दोन वेगळी किंमत मिळाली, आणि तिचा विज्ञानाशी काही संबंध नव्हता. अमेरिकेने हा भेद २०११ च्या सुधारणा कायद्याने काढून टाकला. १६ मार्च २०१३ पासून परदेशातील सार्वजनिक वापरही तेथे विचारात घेतला जातो.

हळदीच्या ऑक्सिडीकरणरोधी गुणाचा इतिहास स्वतंत्र आहे. तिचा पिवळा रंगघटक १८१५ साली वोगेल व पेलेतिए यांनी वेगळा केला; कर्क्युमिनची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. १९७६ साली ओ. पी. शर्मा यांनी कर्क्युमिन व त्याच्याशी संबंधित संयुगांच्या ऑक्सिडीकरणरोधी क्रियेवर निबंध प्रसिद्ध केला. महाविद्यालयांत आज रूढ असलेली डीपीपीएच चाचणी ब्लॉइस यांनी १९५८ साली सुचविली. या द्रावणाचा जांभळा रंग अर्काच्या संपर्काने फिका होतो, आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर ती घट मोजली जाते. रंग डोळ्यांदेखत उतरतो, म्हणून ही चाचणी विद्यार्थ्यांना विलक्षण आवडते.

पण परीक्षानळीतील रंग उतरणे म्हणजे शरीरातील उपयोग नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ऑक्सिडीकरणरोधी क्षमतेची आपली माहितीसूची २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होत होता आणि शरीरातील परिणामांशी त्यांचा संबंध सिद्ध नव्हता. २०१७ साली नेल्सन व सहकाऱ्यांनी कर्क्युमिनविषयीच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला. हे संयुग अस्थिर आहे, शरीरात फारसे शोषले जात नाही, आणि अनेक प्रकारच्या चाचण्यांमध्ये फसवा सकारात्मक परिणाम दाखवू शकते, असे त्यांनी दाखवून दिले. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला त्याला या आढाव्याने बाध येत नाही. चव, रंग आणि मातीचा संबंध वेगळ्या कसोटीवर तपासला जातो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळा आणि नोंद

इ. स. २००० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांमुळे, आणि २०१० च्या नियमावलीतील गुणांकन पद्धतीमुळे, ग्रामीण महाविद्यालयांतून औषधी वनस्पतींच्या चाचण्यांवरील निबंधांची संख्या झपाट्याने वाढली. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयांना हा विषय सोयीचाही होता: वनस्पती दाराशी, उपकरणे मोजकी, पद्धती ठरलेल्या. या लेखनाला सरसकट नाव ठेवणे अन्यायाचे होईल. मात्र यातील अनेक निबंधांत अर्काची टक्केवारी दोन दशांश स्थानांपर्यंत दिलेली असते आणि वनस्पती कोणत्या गावच्या कोणत्या शिवारातून, कोणत्या महिन्यात आणली हे नसते. नमुना वनस्पतिसंग्रहात जमा केल्याचा क्रमांक नसतो. तुलनेसाठी बाजारातील प्रचलित बुरशीनाशक घेतलेले नसते. कडुनिंबाच्या प्रकरणाकडे पाहिले तर उलट दिसते. तेथे निर्णायक ठरली ती जिल्ह्याची, हंगामाची आणि मिश्रणाची माहिती.

शासनाने या प्रकरणांपासून घेतलेला बोध बहुतांशी ग्रंथाधारित राहिला. २००१ साली सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व योग यांच्या ग्रंथांतील माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या भाषांत उपलब्ध करण्यात आली. २००२ च्या पेटंट दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावरील पेटंटला भारतात स्पष्ट मनाई झाली. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत; परंतु ज्या चाचण्यांनी म्युनिकचा निर्णय घडविला त्या कोणत्याही संहितेत नव्हत्या. शेतावरील ज्ञानासाठी वाट आहे ती २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेकडून अपेक्षिलेल्या लोक जैवविविधता नोंदवहीची.

हरिपूरची हळदीची पेवे या दृष्टीने विचार करण्यासारखी आहेत. सांगलीलगतच्या या गावी जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठविली जात असे. तोंड बंद केल्यावर आत हवा राहत नसे आणि माल दीर्घकाळ कीड व बुरशीपासून सुरक्षित राही. कोणत्या थरात खणायचे, आतून अस्तर कसे द्यायचे, उघडल्यावर किती वेळ थांबून माणसाने आत उतरायचे, हे सर्व काम करणाऱ्यांना ठाऊक होते. अपील मंडळाच्या निर्णयानंतर चारच महिन्यांनी, २००५ च्या जुलै-ऑगस्टमधील महापुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले आणि त्यांतील बरीच निकामी झाली. त्यानंतर व्यापाऱ्यांचा कल गोदामे व शीतगृहांकडे वळला. पेवातील हळद आणि शीतगृहातील हळद यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीची तुलना करण्यासाठी लागणारी सामग्री कोणत्याही महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असते. पेवांत उतरलेली काही माणसे हरिपुरात अजून आहेत.